दोन ऑगस्टला तुम्ही कुठे होता?

२ ऑगस्ट १९९० हा गुरुवार होता. मोहरमचे दिवस, त्यात खाडीपट्ट्यातला पाऊस. पटावर एक्केचाळीस मुलं आणि वर्गात चौदा. लावण्या उरकल्या होत्या, सावित्रीचं पाणी तांबडंभडक झालं होतं आणि महाडहून येणारी एसटी आली तर आली, असा सगळा कारभार.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक चाची शाळेच्या पडवीत आल्या. ओढणीच्या आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्र. "बाई, ह्यात काय लिवलाय ता जरा वाचून दाखवा." उर्दू त्या भराभर वाचत, मराठी अक्षर मात्र त्यांना लागत नसे. मी वाचलं. इराकचं सैन्य पहाटे कुवेतमध्ये शिरलं, अमीर सौदीत निघून गेले. चाचींनी एकच विचारलं, "सालमिया लिवलाय का कुठं?"

सालमियाचं नाव बातमीत नव्हतं. तेवढ्यानं त्यांना धीर आला. मुलगा तिथे गाड्यांच्या गॅरेजमध्ये होता, दोन वर्षांपूर्वी गेलेला. पेपर घडी करून त्यांनी पुन्हा पिशवीत घातला आणि भिजत निघून गेल्या. सोमवारपर्यंत माझ्याकडे पेपर वाचून घ्यायला आठ-नऊ बायका येऊ लागल्या होत्या.

मी पोलादपूरकडची. तुडीलला मराठी शाळेवर बदली होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आमच्या डोंगरी भागातला माणूस गिरणीत जायचा नाहीतर फौजेत. उमरठ तानाजींचं, ते आमच्याच तालुक्यात. आणि महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे तर घरटी एक माणूस सैन्यात म्हणून ओळखलं जातं. खाडीपट्ट्याची तऱ्हा वेगळी. इथल्या कोकणी मुसलमान घरांतले आजे-पणजे जहाजावर खलाशी होते, काही आफ्रिकेला गेले. मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांची नावं आहेत. त्यांना कबर नाही म्हणून ती नावं तिथे. त्यांच्या बायकांना खबर कशी आणि किती महिन्यांनी कळली असेल, हे मला त्या १९९० च्या पावसाळ्यात पहिल्यांदा सुचलं. त्याआधी सुचायचं कारणच नव्हतं. युद्ध म्हणजे माझ्या डोक्यात सरहद्द आणि तार.

सत्तरच्या दशकापासून जहाजांची जागा आखातानं घेतली. कुवेत, मस्कत, दुबई, सौदी. गडी गेला की घरात टेपरेकॉर्डर यायचा. पत्रांपेक्षा कॅसेटींवर भिस्त जास्त. कुणी गावाकडे निघालं की त्याच्या हाती कॅसेट पाठवायची. एका बाजूला नवऱ्याचं बोलणं, दुसरी बाजू बायकोनं भरून परत धाडायची. मी काही भाभींना विचारलंही होतं, काय बोलता हो एवढं? तर म्हणाल्या, "मी कुठं बोलते, सासूच बोलते. माझ्या वाटणीला शेवटची पाच मिनटा." ऑगस्टनंतर मोहल्ल्यात त्याच जुन्या कॅसेटी पुन्हा पुन्हा वाजायला लागल्या. शाळेतून घरी जाताना खिडकीतून एखाद्या माणसाचा आवाज यायचा, घराच्या पत्र्याचं काय झालं म्हणून विचारणारा. पत्रे घालून वर्ष झालेलं असायचं.

कुवेतच्या बाहेर जाणाऱ्या फोनच्या लाइनी तुटल्या होत्या. महाडला जाऊन ट्रंक कॉल लावायला तासन् तास बसलेल्या बायका रिकाम्या परत यायच्या. इराकनं कुवेती दिनार आपल्या दिनाराच्या पंगतीला बसवला, म्हणजे कमावलेल्या पैशाची किंमत रातोरात मातीमोल झाली. ही बातमीही मीच वाचून दाखवली. त्या वेळी तिचा अर्थ मला फारसा कळला नव्हता, समोरच्या बायकांना कळला.

पहिल्या महिन्यात घरं चालली. तांदूळ घरचा होता. दुकानदार उधारी द्यायचा, कारण खाडीपट्ट्यात कुवेतवाल्याची उधारी बुडत नाही अशी समजूत. सप्टेंबरात त्यानं हात आखडला. मग बँक. एका भाभींबरोबर मी महाडला एका बँकेत गेले होते. खात्यात त्यांच्या नवऱ्यानं पाठवलेले अठरा हजार रुपये होते. पासबुक भाभींच्या हातात होतं, ड्राफ्ट आले ते त्यांनीच भरलेले होते, पण खातं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. काउंटरवरच्या माणसानं आवाज न चढवता सांगितलं, की सही त्यांचीच लागेल. मी म्हटलं, ते कुवेतमध्ये अडकलेत, युद्ध चालू आहे. तो म्हणाला, "मॅडम, ते जिवंत आहेत ना? मग त्यांची सही." आणि जरा थांबून, "नसले तर मृत्यूचा दाखला." नियमानं तो बरोबरच होता. येताना एसटीत भाभी हसत होत्या. म्हणाल्या, जिवंत हाय ह्याचा पण कागद नाय, मेलाय ह्याचा पण नाय. पुढच्या आठवड्यात त्यांच्या हातातल्या दोन पाटल्या गेल्या.

माझ्या आत्यापाशी कागद होता. तिचा नवरा १९७१ च्या डिसेंबरात गेला. तार आली, मग माणसं आली, मग पेन्शनचे कागद. ती बावीस वर्षांची, पदरी एक मुलगी. कागदांमध्ये एक अट होती, ती गावातल्या जाणत्या माणसांनी तिच्याआधी वाचली. विधवेनं दुसरं लग्न केलं तर पेन्शनला धक्का. मात्र नवऱ्याच्या भावाशी केलं आणि त्याच घरात राहिली तर पेन्शन चालू. दीर सतरा वर्षांचा होता. तिच्या मागे मागे गावभर हिंडलेला पोर. आत्या लग्न होऊन आली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि ती त्याच्या डोक्याला तेल लावायची. बैठक बसली, सगळं ठरलं आणि आत्याला सकाळी सांगण्यात आलं. सरकारचा पैसा घरातून बाहेर जाऊ नये, हे सगळ्यांच्या तोंडी होतं. तिनं काय केलं ते मी इथे लिहिणार नाही, ती आजही आहे आणि तिला ते आवडणार नाही. इतकंच सांगते, की आमच्या घरात त्या दिरावर कुणी कधी रागावलं नाही. तोही तेवढाच सापडला होता.

शौर्यपदकासोबतच्या भत्त्यावरची हीच दिराची अट संरक्षण मंत्रालयानं २०१७ च्या नोव्हेंबरात काढून टाकली. म्हणजे तोपर्यंत ती होती. आत्याला मी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." मग पावसाचं विचारलं.

तर १९९० मध्ये एअर इंडियाची विमानं ऑगस्टच्या मध्यापासून अम्मानहून माणसं आणायला लागली. अम्मान म्हणजे जॉर्डनची राजधानी. कुवेतहून बसरा, बसऱ्याहून बगदाद, तिथून वाळवंटातून जॉर्डन, असा हजाराहून जास्त किलोमीटरचा बसचा रस्ता, आणि पुढे विमान. ११ ऑक्टोबरपर्यंत सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणं झाली, लाखाहून जास्त माणसं आली. हा आकडा पुढे विक्रमांच्या पुस्तकात गेला, त्यावर सिनेमाही निघाला. तो मी पाहिला. त्यातला नायक बरा आहे.

आमच्याकडे माणसं उतरली ती सहार विमानतळावरून एसटी पकडून, महाडला गाडी बदलून, एका ब्लँकेटनिशी. कुणी टेपरेकॉर्डर तेवढा वाचवून आणलेला. ज्यांचे आले त्यांच्या दारात गर्दी, ज्यांचे यायचे होते त्या बायका त्या गर्दीत मागे उभ्या. "आमचा दिसला का?" एवढाच प्रश्न. दिसला म्हणून खोटं सांगणारेही भले लोक होते.

एक जोडपं दोन मुलांसकट आलं. त्या भाभी सहा वर्षं कुवेतला होत्या. मोठ्या मुलीला आमच्या शाळेत घालायला आल्या आणि मग बसल्याच. इराक आणि जॉर्डनच्या ठाण्यांमधल्या ओसाड पट्ट्यात त्यांनी नऊ दिवस तंबूत काढले होते. त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर कुठल्याही बातमीत वाचलं नाही. दिवसा ऊन असं, की पत्र्याच्या डब्याला हात लागत नाही. पाण्याचा टँकर आला की पुरुष धावत, आणि ज्या बाईबरोबर पुरुष नाही तिच्या भांड्यात थेंब पडायची मारामार. शौचाला आडोसा नाही. म्हणून बायका अंधार पडेपर्यंत जात नसत, आणि जायला लागू नये म्हणून पाणी पीत नसत, म्हणजे मिळालेलं पाणीसुद्धा. त्यांची पाळी चौथ्या दिवशी आली. नवऱ्याची लुंगी फाडली. धुवायला पाणी नाही, पुरायचं तर वाळू उकरताना लोक बघतात. "बाई, भूक सगल्यांना ठाव हाय," त्या म्हणाल्या, "ह्या कुणाला सांगू?"

त्यांच्या शेजारच्या तंबूत आंध्रची एक बाई होती, कुणाच्या तरी घरी मुलं सांभाळायला ठेवलेली. तिचा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे मालकाकडे, आणि कफील कुटुंब गाडीत घालून पहिल्याच दिवशी सौदीला पळालेला. जाताना तिला घरात ठेवून गेला, घर सांभाळ म्हणून. ती चालत, बस धरत, कुणाकुणाच्या मागून तिथवर पोचली होती. ना पासपोर्ट, ना बताका. बताका म्हणजे तिकडचं ओळखपत्र. तिच्या कागदाचं काय झालं ते भाभींना कळलं नाही. त्यांच्या नंबराची बस आली आणि त्या निघाल्या.

मग आले फॉर्म. युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नुकसानभरपाईचा आयोग नेमला. दिल्लीत परराष्ट्र खात्यात त्यासाठी खास कुवेत सेल उघडला गेला. जे २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात कुवेत किंवा इराक सोडून निघाले त्यांना ठरलेली रक्कम: एकट्याला अडीच हजार डॉलर, कुटुंबाला पाच हजार. दुसरा कुठला दावा करणार नाही असं लिहून दिलं तर एकट्याला चार आणि कुटुंबाला आठ. कुणीतरी मुंबईहून फॉर्मांचा गठ्ठा आणला. इंग्रजी येणारी आणि फुकट भरून देणारी म्हणून मी सापडले. दिवाळीच्या सुट्टीत मी शाळेच्या पडवीत सतरंजी टाकून बसले आणि साठ-सत्तर फॉर्म भरले. पासपोर्टवरचे शिक्के वाचता वाचता मला अरबी आकडे यायला लागले.

प्रत्येक माणसाला आधी एकच विचारायचं: दोन ऑगस्टला तुम्ही कुठे होता? उत्तर हवल्ली, फरवानिया, सालमिया असेल तर पुढची पानं. कधी निघालात, कोणत्या रस्त्यानं, पुरावा काय.

पहिल्या दिवशी दुपारी पाटल्या गहाण टाकलेल्या भाभी आल्या. नवरा परत आलेला होता, त्याचा फॉर्म आदल्याच तासाला मी भरला होता. त्या म्हणाल्या, "आता माझा भरा." मी विचारलं, दोन ऑगस्टला तुम्ही कुठे होता? "हितंच. चुलीपुढं." मी पेन खाली ठेवलं. त्यांना समजावून सांगितलं, की जे तिकडे होते त्यांच्यासाठीच हे आहे. त्या ऐकून घेत होत्या आणि बोटांवर मोजत होत्या. दोन पाटल्या. दुकानदाराचे अकराशे. मुलाला टायफॉइड झाला त्याचे भावाकडून आणलेले सातशे. म्हैस विकली ती. "ह्या लढाईत नाय गेला तर कशात गेला?"

मला उत्तर सुचलं नाही. मी त्यांच्या नवऱ्याच्या फॉर्मला एक कोरा कागद जोडला आणि इंग्रजीत हे सगळं लिहिलं, रकमांसकट. बाराएक दिवसांनी एका कचेरीतून तो कागद तेवढा परत आला, सोबत चिठ्ठी: अर्जाशी संबंध नसलेले कागद जोडू नयेत. त्या माणसाचंही बरोबरच असणार. लाखो फॉर्म यंत्रातून जायचे होते. पण तेव्हापासून ज्या बायका येत त्यांचा हिशेब मी वेगळ्या वहीत उतरवून ठेवू लागले, कुठेही पाठवायचा नसला तरी. सतरा बायकांचा झाला.

ज्यांचे नवरे वारले त्यांची गोष्ट आणखी पुढची. एकाच्या फॉर्मवर मी १९९२ मध्ये सही घेतली होती, चार हजार डॉलरचा दावा. पुढच्या वर्षी तो छातीत कळ येऊन गेला. मागे बायको आणि दोन मुली. पैसे मात्र लगेच येणार नव्हते. भरपाई इराकच्या तेलाच्या पैशातून द्यायची होती, आणि इराकच्या तेलविक्रीवर १९९० च्या ऑगस्टपासूनच बंदी होती. अन्नाच्या बदल्यात तेल या योजनेत विक्री सुरू झाली ती १९९६ च्या डिसेंबरात. आमच्याकडे रक्कम उतरली तेव्हा त्या मुलींतली थोरली माझ्याकडे सातवीत होती.

दिराचं म्हणणं असं, की भावाला व्हिसाला पैसे मी दिले, कफन मी केलं, तेव्हा रक्कम माझ्याकडे येऊ दे, मी त्यांचं बघतो. वाईट माणूस नव्हता, पण 'बघतो' हा शब्द मी फार ऐकलेला आहे. भाभी मौलवींकडे गेल्या आणि मौलवींनी मला बोलावणं पाठवलं, गणिताची बाई म्हणून. त्यांनी शरियतचे हिस्से सांगितले, मी पाटीवर मांडले. मुलं असलेल्या विधवेला आठवा हिस्सा, दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश, आईवडील हयात नाहीत, मुलगा नाही, म्हणून उरेल ते भावाला. चोवीस भाग केले. मुलींना सोळा, भाभींना तीन, दिराला पाच. चार हजारांतले पाचशे डॉलर भाभींचे. मी मनात म्हटलं, दिराला बायकोहून जास्त? पण तोंड मिटून बसले. कारण 'बघतो' मध्ये तिचा हिस्सा शून्य होता, आणि पाटीवर तो आकडा खडूनं लिहिलेला होता, सगळ्यांसमोर. दिरानं मान्य केलं. भाभींनी स्वतःच्या नावानं पहिलं खातं उघडलं.

या पैशाचा विचार मनात आला की मला दुसरंही काही आठवत राहतं, आणि ते मी त्या बायकांना कधी बोलले नाही. तो पैसा इराकच्या तेलाचा होता. त्याच वर्षांमध्ये बंदीमुळे तिकडे दवाखान्यांत औषधं नव्हती, दुधाची पावडर नव्हती. सुरुवातीला त्या तेलाच्या उत्पन्नातले ३० टक्के भरपाईसाठी कापले जात. म्हणजे बगदादच्या बाईच्या ताटातलं उचलून तुडीलच्या बाईच्या नवऱ्याच्या खात्यात. दोघींपैकी कुणीही कुवेतवर चाल करून गेलं नव्हतं. आयोगाचा शेवटचा हप्ता २०२२ च्या जानेवारीत दिला गेला, एकूण ५२.४ अब्ज डॉलर. त्यातले पाचशे कुठे गेले ते मला माहीत आहे: शिलाईमशीन आणि थोरलीचं महाडचं कॉलेज.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ३१ ऑक्टोबर २००० रोजी बायका आणि युद्ध या विषयावर पहिला ठराव केला, क्रमांक १३२५. त्याबद्दल मी निवृत्तीनंतर सवडीनं वाचलं. चांगला आहे. बायकांना तहाच्या बोलण्यांत जागा द्या म्हणतो, छावण्या बांधताना त्यांच्या गरजा पाहा म्हणतो. टँकरपुढे उभ्या राहिलेल्या त्या भाभींना तो दहा वर्षं आधी हवा होता. चुलीपुढच्या भाभींपर्यंत तो अजूनही पोचत नाही, कारण त्याही हिशेबात युद्ध तिथेच असतं जिथे बंदुका असतात.

आता खाडीपट्ट्यात घरोघरी मोबाइल आहेत. आखातात कुठे काही उडालं की व्हिडिओ कॉलवर माणूस समोर दिसतो, आणि म्हणून लोकांना वाटतं, आता तसं होणार नाही. फोनच्या लाइनी तेव्हाही होत्या. म्हणून या भागातल्या लग्नात मला बोलावणं आलं की मी आहेराच्या पाकिटासोबत नवऱ्यामुलाला चार गोष्टी सांगते आणि लोक म्हणतात, बाई म्हाताऱ्या झाल्या. तुम्हालाही सांगते. तुमच्या घरातलं कुणी परदेशी असेल, जहाजावर असेल, फौजेत असेल, तर बँकेतलं खातं दोघांच्या नावानं करा आणि दोघांपैकी कुणाही एकाची सही चालेल असं लिहून द्या. पासपोर्ट, व्हिसा, बताका, नोकरीचा करार या सगळ्याची झेरॉक्स घरातल्या बाईच्या हाती ठेवा, कपाटाच्या किल्लीसकट. आणि कपाट सासऱ्यांच्या खोलीत असेल तर दुसरं घ्या.